आमदार झालात, आता वकीलपत्र खाली ठेवा

सोलापूर जिल्ह्यात विधानसभेचे ११ मतदारसंघ आहेत आणि निवडणूक जवळ आली की करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत नावाआधी ‘ॲड.’ लावलेले इच्छुक फलकांवर दिसू लागतात. कायदे करायला कायदा शिकलेला माणूस पाठवावा, हे मतदाराला सहज पटते. त्यात तथ्यही आहे. पण निवडून आल्यावर त्या वकिलाने वकिली चालू ठेवावी का, हा प्रश्न प्रचारसभेत कुणी विचारत नाही. आमच्या मते ठेवू नये. त्याची कारणे मुंबई-दिल्लीच्या गाजलेल्या खटल्यांत शोधायची गरज नाही. ती तहसील कचेरीत, प्रांताच्या दालनात आणि मंत्रालयातल्या सुनावण्यांत सापडतात.

आधी वकिलीचा फायदा मान्य करू. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात किंवा बार्शी, पंढरपूर, माळशिरसला काम करणाऱ्या वकिलाकडे येते काय? वाटणीचे दावे, बांधावरून आणि वहिवाटीच्या रस्त्यावरून मामलेदार कोर्ट अधिनियम, १९०६ खाली सुरू झालेली भांडणे, संपादित जमिनीच्या वाढीव मोबदल्याची प्रकरणे, न वटलेले चेक, अपघाताचे दावे, कारखान्याने थकवलेली उसाची बिले, बंद पडलेल्या गिरण्यांमधल्या कामगारांची देणी. दहा-पंधरा वर्षे हे केलेल्या माणसाला सातबारा आणि फेरफार कसे बिघडतात ते कळते. मोजणीचा नकाशा आणि प्रत्यक्ष ताबा यांत अंतर का पडते, तलाठ्याच्या एका नोंदीने तीन पिढ्या कोर्टात कशा जातात, हे त्याने जवळून पाहिलेले असते. कायद्यातले कुठले कलम गावात पोचत नाही, हे विधी व न्याय विभागाच्या मसुदाकारापेक्षा त्याला आधी समजते. आमदार म्हणून त्याचे खरे भांडवल हेच.

सभागृहात हे भांडवल वापरायच्या जागा ठरलेल्या आहेत, आणि त्या भाषणाच्या नाहीत. तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या प्रश्नाचे लेखी उत्तर मंत्र्याच्या हाती तयार असते. सदस्याला मिळतात ते एक-दोन उपप्रश्न. इथे उलटतपासणीची सवय कामी येते: किती, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या शासन निर्णयानुसार, जबाबदार अधिकारी कोण. ज्याला ही सवय नाही तो उपप्रश्नात प्रस्तावना करतो, मंत्री ‘तपासून कार्यवाही करू’ म्हणतो आणि पुढचा प्रश्न पुकारला जातो. नियम १०५ खालच्या लक्षवेधी सूचनेतही तसेच. तारीख आणि कृती यांना बांधलेले उत्तर मिळवले, तर ते आश्वासन म्हणून नोंदले जाते आणि आश्वासन समितीमार्फत त्याचा पाठपुरावा करता येतो. मोघम उत्तर कामकाजाच्या वृत्तांतात पडून राहते.

गंमत अशी की प्रश्न विचारताना पहिली ठेच बहुधा वकिलालाच लागते. त्याला सर्वांत जास्त माहिती असते ती कोर्टात चालू असलेल्या प्रकरणांची, आणि न्यायप्रविष्ट बाब असली की प्रश्न अध्यक्षांच्या दालनातच नाकारला जाण्याची शक्यता मोठी. मत विचारणारा प्रश्नही टिकत नाही. एका विशिष्ट दाव्यामागचे सर्वसाधारण दुखणे वेगळे काढून ते विचारावे लागते. अमक्याच्या मोबदल्याचे काय, असे न विचारता जिल्ह्यात निवाडा होऊन रक्कम न मिळालेली प्रकरणे किती आणि विलंबाचे व्याज कोण देणार, असे विचारायचे. पक्षकार मनातून गेल्याशिवाय असा प्रश्न सुचत नाही.

विधेयकांचे काम यापेक्षा महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित. विधेयक मांडले जाते, त्यावर सर्वसाधारण चर्चा होते, मग खंडशः, म्हणजे एकेका कलमावर विचार होतो आणि शेवटी ते संमत होते. बातम्या येतात त्या चर्चेच्या. कायदा घडतो तो खंडशः विचारात, आणि नेमके त्या वेळी सभागृह रिकामे असते. दुरुस्ती सुचवायची तर कोणत्या खंडातल्या कोणत्या ओळीतले कोणते शब्द वगळायचे आणि त्याजागी कोणते घालायचे, हे लेखी द्यावे लागते. ‘हे कलम अन्यायकारक आहे’ या वाक्याची दुरुस्ती होत नाही.

बेकायदेशीर कृत्ये करणाऱ्या कडव्या डाव्या संघटनांविरुद्धच्या महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाचे उदाहरण ताजे आहे. २०२४ मध्ये ते मांडले गेले, पुढे संयुक्त समितीकडे गेले, समितीकडे १२ हजारांवर सूचना-हरकती आल्या आणि जुलै २०२५ मध्ये ते दोन्ही सभागृहांत संमत झाले. समितीत झालेले बदल मोजकेच होते, पण सल्लागार मंडळावर कोण बसणार आणि तपास कोणत्या दर्जाचा पोलीस अधिकारी करणार, असे मुद्दे त्यांत होते. कायद्याला विरोध असो वा पाठिंबा, ज्याच्यावर तो लागू होईल त्याच्या दृष्टीने उपनिरीक्षकाने तपास करणे आणि उपअधीक्षकाने करणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. असे फरक ओळखून लेखी मांडणारे सदस्य हवेत, म्हणून वकील हवेत. त्याहूनही कमी लोकांच्या नजरेत येणारी जागा म्हणजे उपविधान समिती. कायदा संमत झाल्यावर त्याखालचे नियम शासन करते आणि ते ठरावीक दिवस सभागृहापुढे ठेवले जातात. बहुतेक आमदार ते उघडूनही पाहत नाहीत. सामान्य माणसाला कचेरीत भरावा लागणारा नमुना, शुल्क, मुदत हे सारे त्या नियमांत असते.

कायद्याचे शिक्षण विधिमंडळात कसे उतरावे याचा नमुना म्हणून रोजगार हमी योजनेकडे पाहावे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे तिचे जनक. ‘मागेल त्याला काम’ ही नुसती घोषणा राहिली असती तर ती एका दुष्काळापुरती उरली असती. १९७७ च्या अधिनियमाने तिला कायद्याचा आधार दिला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागण्याचा हक्क, काम न दिल्यास बेकारी भत्ता, आणि पैशासाठी १९७५ चा व्यवसाय कर व शासनाचा तेवढाच वाटा, अशी तिची बांधणी होती. हक्क, तो डावलल्यास होणारा परिणाम आणि निधीचा स्रोत, यांतला एक जरी पाय काढला तरी योजना बसली असती. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्याने ती बांधणी वर्षानुवर्षे पाझर तलावांच्या आणि रस्त्यांच्या कामांवर अनुभवली आहे. त्याआधी १७ सप्टेंबर १९३७ ला डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती, म्हणजे कोकणात कुळांकडून सारा वसूल करणाऱ्या खोतांची पद्धत, नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते तेव्हा संमत झाले नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या अधिनियमाने. पण आंदोलनातली मागणी कलमांच्या रूपात सभागृहाच्या पटलावर ठेवण्याचे काम एका बॅरिस्टर सदस्याने करून ठेवले होते.

आपल्या जिल्ह्यातले मोठे उदाहरण अर्थातच सांगोल्याचे गणपतराव देशमुख. मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे हे गृहस्थ कायद्याचे पदवीधर. शेतकरी कामगार पक्षाच्या तिकिटावर १९६२ मध्ये सांगोल्यातून पहिल्यांदा निवडून आले आणि २०१४ मध्ये अकराव्यांदा. मधे १९७२ आणि १९९५ मध्ये हरले, दोनदा मंत्री झाले, २०१९ मध्ये स्वतःहून थांबले आणि ३० जुलै २०२१ रोजी गेले. एवढ्या काळात पक्ष लहानच राहिला, सत्ता बहुधा दुसऱ्यांकडे होती, तरी मतदारसंघ टिकला. एसटीने फिरणारा आमदार म्हणून त्यांची आठवण काढली जाते, पण तेवढ्यावर थांबणे अपुरे आहे. साधेपणाने एखादी निवडणूक जिंकता येईल, अकरा नाही. माणदेशातल्या दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचे पाणी मिळावे ही मागणी नागनाथअण्णा नायकवडींसारख्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी दशकानुदशके लावून धरली. मंत्री बदलले, सरकारे बदलली, मागणी तीच. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्याचा विषय सांगोल्यात निघाला की त्यांचे नाव येते ते यामुळे. सहकारी सूतगिरणी उभारणे, ती चालवणे हेही त्यातच आले.

इथे आमचा मुद्दा आहे. सांगोल्यातल्या माणसाने त्यांना ‘आबा’ म्हटले, ‘वकीलसाहेब’ म्हटले नाही. कायद्याचे ज्ञान त्यांच्याजवळ राहिले, धंदा बाजूला पडला. तालुक्यातला प्रत्येक माणूस संभाव्य मतदार असताना त्यातल्या एकाचे वकीलपत्र घेणे म्हणजे दुसऱ्याविरुद्ध उभे राहणे. बांधाच्या दाव्यात दोन्ही भाऊ आमदाराचेच मतदार असतात.

सोलापूरचेच सुशीलकुमार शिंदे वेगळ्या वाटेने गेले. सोलापूरच्या कोर्टात नोकरी, कायद्याची पदवी, पोलीस उपनिरीक्षकपद, मग करमाळ्याच्या पोटनिवडणुकीतून विधानसभा आणि पुढे २००३-०४ मध्ये मुख्यमंत्रिपद. कायद्याचा अभ्यास होता, पण मतदारसंघातल्या वकिली व्यवसायाचे लोढणे नव्हते. आणि ज्यांच्याकडे वकिलीची सनद नव्हती असेही आहेत. नरसय्या आडम तीनदा आमदार झाले ते कामगार चळवळीतून. कुंभारीत गोदूताई परुळेकर वसाहतीच्या रूपाने दहा हजार बिडी कामगारांची घरे उभी राहिली. योजना, जमीन, बँक, अनुदान आणि सहकारी संस्थेचे नियम यांची मोट बांधल्याशिवाय असे काम होत नाही, आणि त्यासाठी काळा कोट लागला नाही. म्हणून ‘ॲड.’ ही अक्षरे पात्रतेचा पुरावा मानू नयेत. फार तर ती एक शक्यता आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ खाली वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिलच्या नियमांत पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही. आमदार-खासदारांनाही तीच बंदी लागू करावी अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात आली आणि २५ सप्टेंबर २०१८ ला ती फेटाळली गेली. लोकप्रतिनिधीला वेतन मिळत असले तरी तो कुणाचा नोकर नाही, आणि बार कौन्सिलने अशी बंदी घालणारा नियमही केलेला नाही, असे त्या निकालाचे सार. म्हणजे बंदी आज नाही, पण नियम करून घालण्याची वाट बंद झालेली नाही. याच न्यायालयाने १९९६ मध्ये महाराष्ट्रातल्या एका डॉक्टरची याचिका फेटाळून, वैद्यकीय व्यवसाय चालू ठेवून वकिलीची सनद मागता येणार नाही, असे म्हटले होते. वकिली हा पूर्ण लक्ष मागणारा व्यवसाय आहे, हे तिथले एक कारण होते. रुग्ण तपासणाऱ्याला जमणार नाही ते तीन-साडेतीन लाख मतदारांचे काम पाहणाऱ्याला जमते, हे पटायला अवघड आहे.

वेळेचे गणित तर सरळ आहे. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात. त्या काळात सोलापुरातले दावे कसे चालतात? कनिष्ठ वकील मुदतीचा अर्ज देतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ प्रमाणे सुनावणीदरम्यान एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये आणि वकील दुसऱ्या कोर्टात गुंतला आहे हे तहकुबीचे कारण होऊ शकत नाही. व्यवहारात हे किती पाळले जाते ते दिवाणी कोर्टाचे कुठलेही रोजनामे सांगतील. आमदार वकिलाच्या बाबतीत विरुद्ध बाजूचा वकीलही हरकत घ्यायला कचरतो. नुकसान होते ते दाव्यातल्या दोन्ही पक्षकारांचे.

पूर्वी एक पळवाट होती. सोलापूरच्या प्रकरणांचे अपील मुंबईला, विधानभवनही मुंबईला. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरली की सकाळी फोर्टमध्ये हायकोर्ट आणि दुपारी नरिमन पॉइंटला सभागृह, अशी कसरत करता येत असे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आला. सहा जिल्ह्यांतल्या वकिलांच्या दीर्घ लढ्याचे हे फळ आहे आणि पक्षकारांची मोठी सोय. पण आता अधिवेशन एका टोकाला आणि हायकोर्टाचे बोर्ड दुसऱ्या टोकाला. एकाच दिवशी दोन्हीकडे राहणे संपले.

वेळेपेक्षा गंभीर दोष हितसंबंधाचा. लोक समजतात आमदार वकिलाचे वजन न्यायाधीशापुढे पडते. न्यायाधीशाची नेमणूक-बदली आमदाराच्या हाती नाही, तिथे फारसे काही होत नाही. वजन पडते ते अर्धन्यायिक कामात. तहसीलदार, प्रांत, अपर जिल्हाधिकारी हे जमीन महसूल संहितेखाली प्रकरणे आणि अपिले ऐकतात, त्यांच्या बदलीसाठी शिफारशीची पत्रे आमदार देतात. राष्ट्रीय महामार्गाच्या भूसंपादनात मोबदला मान्य नसेल तर लवाद म्हणून महसूल खात्यातलाच वरिष्ठ अधिकारी बसतो. सकाळी आमदार बाधित शेतकऱ्यांचे शिष्टमंडळ घेऊन त्या अधिकाऱ्याकडे जातात आणि दुपारी त्याच्याचसमोर त्यांच्या कार्यालयाचे वकीलपत्र असते. कोणत्या भूमिकेतून सांगितलेले अधिकाऱ्याने कोणत्या कानाने ऐकायचे? महसुली फेरतपासणीचे अर्ज तर मंत्र्यांपुढे चालतात, सहकार कायद्याखालचेही चालतात. तिथे सत्ताधारी पक्षाचा आमदार वकील म्हणून उभा राहिला तर समोरच्याने आपले प्रकरण हरलेच समजावे, मग निकाल कितीही योग्य असो.

साखर कारखाने आणि बँका असलेल्या या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट वारंवार घडते. ज्या संस्थेच्या कार्यकारी मंडळावर वकील आहे तिच्या बाजूने किंवा विरुद्ध त्याने कोर्टात उभे राहू नये, असा बार कौन्सिलच्या आचारनियमांत नियम आहे. तो असा टाळला जातो: वकीलपत्रावर कनिष्ठाचे नाव, कार्यालय तेच, फी त्याच कार्यालयात. कागद स्वच्छ राहतो. वाढीव मोबदल्याच्या प्रकरणांत रकमेचा हिस्सा फी म्हणून ठरवायलाही बंदी आहे. तरी टक्केवारी तोंडी ठरते. ती घेणारा आमदार असेल, तर भूसंपादन कायद्यातल्या मोबदल्याच्या सूत्रावर सभागृहात त्याने केलेले भाषण कुणाच्या हिताचे, हे सांगता येणार नाही.

उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रात उत्पन्नाचा स्रोत लिहावा लागतो, तिथे वकील ‘वकिली’ लिहून मोकळा होतो. अशील कोण, हे कळत नाही. राज्यसभेत सदस्यांच्या आर्थिक हितसंबंधांची नोंदवही ठेवली जाते आणि तिच्या पाच बाबींत व्यावसायिक काम ही एक आहे. आपल्या विधानसभेच्या सदस्यांची अशी नोंदवही संकेतस्थळावर कुणालाही पाहता यावी. अशिलाची गुपिते त्यात यायची गरज नाही. कोणत्या शासकीय प्राधिकरणापुढे, कोणत्या क्रमांकाच्या प्रकरणात आपले किंवा आपल्या कार्यालयाचे वकीलपत्र आहे, एवढे पुरे. ती माहिती तशीही गुप्त नसते.

त्याआधी आमदाराला स्वतःहून करता येण्यासारखे बरेच आहे. निकाल लागल्यावर चालू प्रकरणांची यादी करायची. प्रत्येक अशिलाला पुरेशा मुदतीची लेखी सूचना द्यायची, न केलेल्या कामाची फी परत करायची, कागद पावती घेऊन सोपवायचे. मग कोर्टात पुरशीस (लेखी निवेदन) देऊन आणि परवानगी घेऊन वकीलपत्रातून मुक्त व्हायचे. नुसते जाणे थांबवले तर वकीलपत्र संपत नाही, दावा एकतर्फी जातो आणि शिव्या आमदाराला बसतात. अंतिम युक्तिवादाला आलेल्या दाव्यांत घाई नको, तेवढे पूर्ण करावेत किंवा अशिलाने निवडलेल्या दुसऱ्या वकिलाला नीट समजावून द्यावेत. कार्यालयाच्या पाटीवरचे आणि लेटरहेडवरचे आपले नाव काढायचे. हे सर्वांत जड जाते, कारण अशील पैसे मोजतो ते बहुधा त्या नावाचे. शेवटी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे सनद स्थगित ठेवण्याचा अर्ज. सनद रद्द होत नाही. पुढे ती पुन्हा सुरू करून घेता येते.

यावरचा एक आक्षेप दमदार आहे. वकिली बंद केली आणि पाच वर्षांनी पडलो, तर खायचे काय? उत्पन्नाचे उघड साधन असलेला आमदार ठेकेदारांपासून दूर राहतो, ते बंद केले तर तो भागीदाऱ्या शोधेल. याला तोंड दिलेच पाहिजे. आमदाराला महिन्याला दोन लाखांहून अधिक वेतन-भत्ते मिळतात आणि पुढे निवृत्तिवेतन आहे, तेव्हा उपासमारीचा मुद्दा निघत नाही. मोडलेला व्यवसाय पुन्हा उभा करायला दोन-तीन वर्षे जातात हे मात्र खरे. तो या पदाचा खर्च आहे आणि निवडणुकीला उभे राहण्याआधी तो धरूनच चालावा लागेल. ठेकेदारीचा धाक दाखवून वकिलीची मुभा मागणे म्हणजे एका दोषाच्या भीतीने दुसरा दोष पदरात घेणे. सवलत द्यायचीच असेल तर विनामूल्य चालवलेल्या सार्वजनिक हिताच्या याचिकांना द्यावी, तीही फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात. महसुली किंवा सहकारी प्राधिकरणांपुढे आणि मंत्र्यांपुढे एकही अपवाद नको.

बार कौन्सिल नियम करील तेव्हा करील. तोवर जिल्ह्यातल्या वकील संघटनांना आपल्या सदस्य-उमेदवारांकडून एवढे लेखी घेता येईल, आणि मतदाराला प्रचारसभेत विचारता येईल: निवडून आलात तर चालू वकीलपत्रांचे काय करणार, आणि कुठल्या तारखेपर्यंत?